कोर्टात न नेता कोर्टाबाहेर

इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये माझा भाचा रोज संध्याकाळी सरावाला जातो. त्याला आणायला मी गेलो की तिलकनगरच्या घरी पोहोचेपर्यंत तो स्कूटरवर मागे बसून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या बातम्या ऐकवत असतो. एकदा त्याने विचारले, “मामा, ज्याला कोर्टात नेलंच नाही, त्याला कोर्टाबाहेर का बसवलं?” प्रश्न जा मोरँट या खेळाडूविषयी होता. (या नावाचा उच्चार आपल्या ‘ये-जा’मधल्या ‘जा’सारखाच होतो, आणि या प्रकरणात ते नाव अकारण बोलके वाटते.) बँकेत कर्जाचे करारनामे वाचण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे बास्केटबॉलमधले मला जेवढे कळते त्यापेक्षा कागदातले थोडे अधिक कळते, आणि भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर कागदातच आहे.

मोरँटचा जन्म 1999 चा, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातला. मरे स्टेट या फारशा गाजावाजा नसलेल्या विद्यापीठाकडून खेळत तो 2019 मध्ये एनबीएच्या निवडप्रक्रियेत दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि मेम्फिस ग्रिझलीज या संघात दाखल झाला. पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. 2022 मध्ये सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम 15 खेळाडूंमध्येही त्याची गणना झाली. उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, म्हणजे त्या खेळात ठेंगणीच. पण उंचच उंच बचावपटूंच्या डोक्यावरून उडी घेऊन चेंडू टोपलीत आदळण्याचे त्याचे कसब पाहण्यासाठी लोक तिकिटे काढत. 2021-22 मध्ये मेम्फिसने 82 पैकी 56 सामने जिंकले. हे सांगायचे एवढ्यासाठीच की पुढे जे घडले त्यात खेळातील उणिवेचा भाग जवळपास नव्हता.

मार्च 2023 मध्ये डेन्व्हर येथील सामन्यानंतर पहाटे एका नाइटक्लबमधून त्याने इन्स्टाग्रामवर थेट चित्रण सुरू केले आणि त्यात त्याच्या हातात पिस्तूल दिसले. तेथील पोलिसांनी तपास केला, गुन्हा दाखल केला नाही. लीगने स्वतंत्र चौकशी केली. पिस्तूल त्याचे होते किंवा त्यानेच ते तेथे आणले होते असा निष्कर्ष त्या चौकशीतूनही निघाला नाही. तरीही 8 सामन्यांचे विनावेतन निलंबन झाले. त्याने माफी मागितली, समुपदेशन घेतले, तो परतला. मग दोन महिने उलटतात न उलटतात तोच, 13 मे रोजी, मोटारीत बसलेल्या एका मित्राच्या थेट चित्रणात तो पुन्हा पिस्तूल हातात घेतलेला दिसला. या वेळी आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी निर्णय जाणीवपूर्वक अंतिम फेरी संपेपर्यंत राखून ठेवला, कारण विजेतेपदाच्या बातम्यांवर या बातमीची सावली पडू नये असे त्यांना वाटत होते, आणि 16 जून रोजी पुढील हंगामातील पहिल्या 25 सामन्यांसाठी त्याला निलंबित केले. दोन्ही मिळून 33 सामने, आणि न्यायालयाचा कोठेही संबंध नाही.

फौजदारी न्यायालय एकच विचारते : कायद्यात लिहिलेला अमुक गुन्हा या माणसाने केला हे निःसंशय सिद्ध झाले आहे का? एनबीएचा प्रत्येक खेळाडू ज्या ठरावीक नमुन्याच्या करारावर सही करतो, त्यात विचारले जाते ते निराळे. खेळाडू मैदानावर आणि मैदानाबाहेरही प्रामाणिकपणा, नागरिकत्व आणि खिलाडूवृत्ती यांचा उच्च दर्जा पाळील आणि संघाला किंवा लीगला बाधक ठरेल असे वर्तन करणार नाही, अशी हमी तो स्वतःच देतो. हमी मोडली की नाही हे प्रथम आयुक्त ठरवतात. खेळाडूंच्या संघटनेला त्यावर दाद मागता येते, पण वादाचा मुद्दा तेव्हाही ‘गुन्हा घडला का’ हा नसून ‘शिक्षा वर्तनाच्या प्रमाणात आहे का’ हा असतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदाराचा एकही हप्ता चुकलेला नसतो, पण तारण ठेवलेले घर तो न विचारता विकायला काढतो. अशा वेळी बँक सगळे कर्ज एकदम मागू शकते, आणि कर्जदाराने चोरी केली असे कोणीही म्हणत नाही.

इंदूरकराला हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबारातून निघून गेलेली मुमताज बेगम त्या वेळी त्याच्या मोटारीत होती आणि हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत आले. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही. इंग्रज सरकारने त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी; आणि 1926 मध्ये त्यांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. दोष सिद्ध न होताही पद जाते, कारण वरची सत्ता गुन्हा मोजत नसते, पदाला आलेला बट्टा मोजत असते. 1923 मध्ये सी. के. नायडूंना इंदूरला आणणारे राजे हेच, आणि त्यांच्या पदरी खेळाडूचे भवितव्य राजाच्या मर्जीवर असे. दोन्ही प्रसंगांत फरक आहे तो मोठाच आहे. राजापुढचा पर्याय वरून लादलेला होता. मोरँटच्या करारातले कलम त्याच्या संघटनेने लीगसमोर बसून घासाघीस करून मान्य केलेले होते. म्हणूनच ‘लीगने अन्याय केला’ या तक्रारीत मला फारसे तथ्य वाटत नाही.

ही घासाघीस कशी असते ते पैशांच्या हिशेबात दिसते. भाच्याचा तर्क सरळ होता : हंगाम 82 सामन्यांचा, तर एका सामन्याच्या निलंबनाला पगाराचा 82 वा हिस्सा कापावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. निलंबन 20 सामन्यांपेक्षा कमी असेल तर प्रत्येक सामन्यामागे पगाराचा 145 वा हिस्सा कापला जातो आणि 20 किंवा त्याहून अधिक असेल तर 110 वा. म्हणजे लहान चुकीला छेद मोठा, मोठ्या चुकीला छेद लहान. पहिल्या वेळी मोरँटचा पगार होता सुमारे 1 कोटी 21 लाख डॉलर. त्याचा 145 वा हिस्सा आठ वेळा कापला की साधारण 6 लाख 69 हजार डॉलर होतात. दुसऱ्या वेळेपर्यंत त्याचा नवा करार लागू झाला होता आणि पगार 3 कोटी 40 लाख डॉलरवर पोहोचला होता. त्याचा 110 वा हिस्सा 25 वेळा कापला की सुमारे 77 लाख डॉलर होतात. छेद 82 असता तर हीच कपात एक कोटीच्या वर गेली असती. खेळाडूंच्या संघटनेची ताकद या एका आकड्यात लपलेली आहे, आणि आपल्याकडील खेळाडूंना अशी संघटना का लाभत नाही हा प्रश्न मला येथे पडतो. पण तो विषय वेगळा.

या दोन्ही कपाती मिळून झाल्या सुमारे 84 लाख डॉलर. वर्तमानपत्रांत मथळे झाले ते याच रकमांचे. त्याहून कितीतरी मोठी रक्कम एकाही शिक्षापत्रात न लिहिता गेली, आणि ती कशी गेली हे समजून घेण्याजोगे आहे.

एनबीएमध्ये प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करावा याची दरवर्षी एक मर्यादा ठरते. पहिला करार संपवणाऱ्या तरुण खेळाडूला त्या मर्यादेच्या जास्तीत जास्त 25 टक्के एवढा पगार मिळू शकतो. मात्र डेरिक रोझ या खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम असा आहे की त्याने काही ठरावीक सन्मान मिळवले असतील, तर हाच आकडा 30 टक्क्यांपर्यंत जातो. मोरँटने 2022 च्या जुलैमध्ये पाच वर्षांचा करार केला त्यात ही तरतूद होती. त्याला हवे होते ते एवढेच की 2022-23 च्या हंगामाअखेर लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या तीन संघांपैकी एकात त्याचे नाव यावे. ही निवड पत्रकार आणि समालोचक मतदानाने करतात, आणि त्याच्या जागेसाठी, म्हणजे गार्डसाठी, तेव्हा तिन्ही संघांत मिळून सहाच जागा होत्या. त्या हंगामात तो 61 सामने खेळला होता. 10 मे रोजी यादी जाहीर झाली, त्यात तो नव्हता. 25 आणि 30 टक्क्यांमधला फरक पाच वर्षांत मिळून सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर होतो, म्हणजे दोन्ही दंडांच्या साडेचार पटींहून अधिक.

निलंबन झाले नसते तर त्याचे नाव आलेच असते, असे ठामपणे म्हणता येणार नाही. त्याच्या गैरहजेरीत दुखापतींचाही वाटा होता आणि ज्यांना त्या सहा जागा मिळाल्या तेही थोर खेळाडू होते. शिवाय दुसरे चित्रण प्रसिद्ध झाले ते यादी जाहीर झाल्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे त्याचा या मतदानाशी काही संबंध नाही. पण मार्चमधला तो पंधरवडा, ज्या काळात मतदार आपले मत बनवत होते, त्याने मैदानाबाहेर घालवला हे निश्चित. पुढच्या हंगामाबाबत तर एवढाही संशय उरत नाही. 2023-24 पासून लीगने नवा नियम आणला की बहुतेक मोठ्या सन्मानांसाठी पात्र ठरायला किमान 65 सामने खेळलेच पाहिजेत. 82 मधून 25 वजा केले की 57 उरतात. चेंडू पहिल्यांदा उसळण्यापूर्वीच त्या वर्षीचे सन्मान त्याच्या हातून गेलेले होते.

जाहिरातींचे गणित याहून सोपे आहे. नायकी कंपनीने त्याच्या नावाचा पहिला बूट 2023 च्या वसंतात बाजारात आणला, म्हणजे दोन घटनांच्या ऐन मधोमध. एका पेय कंपनीने मार्चमध्ये त्याची जाहिरात मागे घेतली; नायकीने मात्र त्याची साथ सोडली नाही. जाहिरातीचा करार खासगी असतो, आयुक्तांना त्यात स्थान नसते, आणि कंपनी चारित्र्याइतकाच खपाचाही विचार करते.

आता भाच्याच्या प्रश्नाला उलटा करून पाहू. न्यायालयही शिक्षा करते आणि लीगही करते, तेव्हा काय होते? गिल्बर्ट अरेनास हा वॉशिंग्टन विझर्ड्सचा खेळाडू 2005-06 मध्ये सामन्यामागे 29 हून अधिक गुण मिळवत होता, आणि 2008 मध्ये त्याने सहा वर्षांसाठी 11 कोटी 10 लाख डॉलरचा करार केला. डिसेंबर 2009 मध्ये विमानप्रवासातील पत्त्यांच्या डावावरून सहकारी जव्हारिस क्रिटेंटनशी त्याचा वाद झाला आणि त्यानंतर त्याने चार बंदुका संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत आणून ठेवल्या. या संघाचे नाव पूर्वी ‘बुलेट्स’, म्हणजे गोळ्या, असे होते. शहरातील हिंसाचाराच्या दिवसांत ते नाव मालक एब पोलिन यांना खटकू लागले आणि 1997 मध्ये त्यांनी ते बदलून टाकले. बंदुका आल्या त्या नेमक्या त्याच संघाच्या खोलीत, पोलिन वारल्यानंतर महिन्याभरात. प्रकरण गाजत असताना फिलाडेल्फियातील सामन्यापूर्वी अरेनासने बोटांच्या बंदुका करून सहकाऱ्यांवर रोखल्या, सगळे हसले, छायाचित्र छापून आले, आणि दुसऱ्याच दिवशी तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी त्याला बेमुदत निलंबित केले. माझ्या मते त्याला बंदुकांइतकेच ते छायाचित्र महागात पडले.

विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा गुन्हा त्याने न्यायालयात कबूल केला. शिक्षा झाली ती सुधारगृहासारख्या निवासात 30 दिवस, दोन वर्षांची देखरेख, 400 तास समाजसेवा आणि 5,000 डॉलर दंड. लीगने मात्र त्याचे त्या हंगामातील उरलेले 50 सामने काढून घेतले, आणि त्यापोटी सुमारे 74 लाख डॉलर पगार गेला. म्हणजे न्यायालयाच्या दंडाच्या हजार पटींहून अधिक! तरी त्याचा करार रद्द झाला नाही. एनबीएचे करार बहुतांशी हमीचे असतात. खेळाडू नकोसा झाला तरी पैसे द्यावेच लागतात. वॉशिंग्टनने त्याला ऑर्लँडोकडे धाडले, ऑर्लँडोने 2011 मध्ये एका खास सवलतीच्या कलमाखाली त्याला मुक्त केले, तरी ठरलेली रक्कम त्याला मिळत राहिली. मिळाला नाही तो खेळ. एनबीएमधील त्याचे अखेरचे सामने, अवघे 17, 2012 मध्ये झाले, आणि तेही योगायोगाने मेम्फिसकडूनच. अरेनासचा गुडघा या प्रकरणापूर्वीच खराब झाला होता. 2007 ते 2009 या दोन हंगामांत मिळून तो 15 सामनेच खेळला होता. तेव्हा बंदुकांनी कारकीर्द संपवली असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. दुखापतीतून सावरलेल्या खेळाडूला पुन्हा लयीत यायला जे एक सलग वर्ष लागते, ते त्या प्रकरणाने हिरावले.

पिस्तुलाला 25 किंवा 50 सामने, आणि सट्ट्याला? टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर हा फार मोठा खेळाडू नव्हता. पण 20 मार्च 2024 रोजी तो काही मिनिटे खेळला, प्रकृतीचे कारण सांगून मैदानाबाहेर गेला, आणि त्याच सामन्यात तो अपेक्षेपेक्षा कमी खेळेल अशा आशयाची 80,000 डॉलरची पैज कोणीतरी आधीच लावलेली असल्याचे उघड झाले. जिंकली असती तर 11 लाख डॉलर मिळाले असते. स्वतःच्या प्रकृतीची गोपनीय माहिती त्याने सट्टेबाजांना दिली होती, आणि लीगच्या सामन्यांवर दुसऱ्याच्या खात्यातून पैजाही लावल्या होत्या. एप्रिलमध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

हातात शस्त्र घेणाऱ्याला परतीची वाट आणि पैज लावणाऱ्याला कायमचे दार बंद, हे पहिल्यांदा ऐकताना उलटेच वाटते. लीग विकते काय याचा विचार केला की कोडे सुटते. प्रेक्षक तिकीट काढतो तो शेवट ठाऊक नसतो म्हणून. मोरँटच्या चित्रणाने लीगची अब्रू गेली, पण त्याने टाकलेला चेंडू खरा होता याविषयी कोणाला शंका नव्हती. पोर्टरनंतर मात्र खेळाडू लंगडत बाहेर जाताना दिसला की प्रेक्षकाच्या मनात पाल चुकचुकते. 2000 मध्ये भारतीय क्रिकेटमध्ये निकालनिश्चितीचे प्रकरण बाहेर आले तेव्हा आपण सर्वांनी हे अनुभवले आहे, त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरी झेल सुटला की कोणीतरी “किती घेतले?” असे म्हणत असे.

अमली पदार्थांची वाट या दोहोंच्या मधली आहे. 1983 च्या करारानुसार तिसऱ्यांदा दोषी आढळलेल्या खेळाडूवर बंदी येई, पण दोन वर्षांनी फेरविचाराचा अर्ज करता येई. चार वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक तारांकित खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडलेला, मायकेल रे रिचर्डसन फेब्रुवारी 1986 मध्ये कोकेनमुळे या कलमात सापडला तेव्हा तो 30 वर्षांचा होता. दोन वर्षांनी त्याला परवानगी मिळाली, परंतु एनबीएत तो पुन्हा कधीच खेळला नाही. पुढची अनेक वर्षे तो युरोपात, इटली आणि फ्रान्समध्ये, खेळत राहिला.

मोरँटची परत येण्याची वेळ आली 19 डिसेंबर 2023 रोजी. तोपर्यंत मेम्फिसने त्याच्याविना 25 पैकी 19 सामने गमावले होते. न्यू ऑर्लीन्समधील त्या रात्री त्याने 34 गुण मिळवले आणि अखेरच्या क्षणी केलेल्या टोपलीवर संघ 115-113 असा जिंकला. भाच्याने तो सामना फोनवर किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच सरावात त्याचा उजवा खांदा दुखावला, शस्त्रक्रिया ठरली आणि हंगाम तेथेच संपला. खेळून झाले होते अवघे 9 सामने.

त्या एका हंगामाचा ताळेबंद मी भाच्याला पलासिया चौकाच्या सिग्नलवर थांबलो असताना सांगितला. 9 सामने खेळला, त्यांचा पगार मिळाला. 25 सामने निलंबनात गेले, त्यांची कपात झाली. उरलेले 48 सामने जवळपास सगळेच दुखापतीत गेले, त्यांचा पगार पूर्ण मिळाला, कारण खेळताना किंवा सराव करताना झालेल्या दुखापतीची जोखीम करारात संघाने घेतलेली असते.

“म्हणजे खांदा निखळला तर पैसे, आणि फोन सुरू राहिला तर कपात,” तो म्हणाला.

मी त्यात एकच दुरुस्ती सुचवली : दुसऱ्या वेळी फोन त्याचा नव्हताच, मित्राचा होता, आणि करारात फोनचा उल्लेख नाही, वर्तनाचा आहे.